वच्छलाबाई आणि काचेचं खुराडं

वच्छलाबाई रामटेके आमच्या ऑफिसात अकरा वर्षं होत्या, आणि त्या अकरा वर्षांत कागदावर त्या एकदाही आमच्या नव्हत्या. त्या ठेकेदाराच्या होत्या. ठेकेदार दर सहा महिन्यांनी त्यांना एक दिवस कामावरून कमी करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा, म्हणजे कागदावर त्या कधी जुन्या होत नसत. त्या एका दिवशीसुद्धा त्या यायच्याच. नऊ वाजता सायकल जिन्याखाली लावायच्या, पदर खोचायच्या आणि कोणी काम सांगितलं की म्हणायच्या, "मी आज नाई हाये ना बाबू." एवढं म्हणून ते काम करून टाकायच्या.

ऑफिस धानाच्या बियाण्याच्या एका कंपनीचं. गोंदियाहून फुलचूरला जाताना लागणाऱ्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथं आवक-जावक आणि टायपिंग बघायचो. वच्छलाबाई झाडू-पोछा करायच्या, चहा द्यायच्या, आणि शेतकरी तक्रार घेऊन आला की त्याला कोणत्या टेबलापुढे किती वेळ उभं राहायचं आहे, हे आधीच सांगून टाकायच्या. सगळ्यांना एकच नमस्कार, "जयभीम". साहेबालाही तोच आणि पाण्याचे कॅन आणणाऱ्यालाही तोच. साहेब उत्तर देतो की नाही, हे पाहायला त्या थांबत नसत.

बसल्या जागी त्यांची बोटं स्वस्थ नसत. जुनं पाकीट, बसचं तिकीट, कॅलेंडरचं फाटलेलं पान, जे हाती येईल ते दोन बोटांत धरून त्या वळत आणि वरचं तोंड नखानं दुमडून बंद करत. लहानपणापासून आईशेजारी सूप मांडीवर घेऊन त्यांनी बिड्या बांधल्या होत्या. तेंदूचं पान ओलं करायचं, कैचीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, सूत गुंडाळायचं. "माया हातच्या बिड्या एकीपुढे एक ठेवल्या तं रायपूरले जाऊन वापस येतीन," असं त्या सांगत. त्यात अभिमान होता की तक्रार, ते कधी कळलं नाही.

त्यांचे यजमान नामदेवराव त्याच सुपातून बिड्या उचलायचे.

"मी बांधून राहिली आन् तो फुकून राहिला," वच्छलाबाई म्हणत. "मी मने, बाबा, दुकानातली तरी पी, माया हातची नको पिऊ. तं मने, तुया हातच्या बिडीले चव हाये. आता याले काय मनावं?"

नामदेवराव छातीच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर त्यांनी सूप माळ्यावर टाकलं आणि झाडू धरला. हे सगळं त्या रडून सांगत नसत. शेवटी फक्त एक वाक्य नेहमी यायचं, "पन मी सोता एक ओठाले लावली नाई." हे म्हणताना त्या ताठ बसायच्या.

ऑफिसात आम्ही नऊ जण. पाच ओढणारे, चार न ओढणारे. ओढणाऱ्यांचे प्रमुख लांजेवार बाबू, हेड क्लार्क, बिडीवाले. बाकी आम्ही चौघं सिगारेटवाले. सगळे जिन्याच्या वळणावर उभे राहायचो. अकरा आणि चार या आमच्या वेळा. वच्छलाबाईंनी जिना पुसायच्या वेळाही अकरा आणि चार ठेवल्या होत्या. फिनाईलचं पाणी इतकं सढळ की पायरीवर पाय ठरायचा नाही.

"मावशी, उभं राहायले जागा तं ठेवा," लांजेवार बाबू म्हणायचे.

"राहू नका ना मंग."

असं बरं चाललं होतं. मग नागपूरहून धोटे साहेब बदलून आले.

धोटे साहेब स्वतः काहीच ओढत नसत, पीत नसत. सकाळी एक हिरवट चहा घेत. त्यांना एकच शौक होता, वेगळं करण्याचा. आल्या आल्या त्यांनी ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे आणले. संध्याकाळी वच्छलाबाई ते दोन्ही नगरपरिषदेच्या एकाच गाडीत ओतायच्या. मग कर्मचाऱ्यांचं पाणी वेगळं आणि अभ्यागतांचं वेगळं झालं. दोन्ही माठ वच्छलाबाई एकाच नळावर भरायच्या. मग साहेब एका विमानतळावर गेले. तिथं त्यांनी काचेच्या पेटीत उभी राहून धूर सोडणारी माणसं पाहिली आणि ते बदलूनच परत आले.

तीन महिन्यांत ती पेटी आमच्याकडे आली. तुकड्या-तुकड्यांनी, ट्रकमधून, काथ्यात गुंडाळून. सोबत रायपूरचा एक मिस्त्री. हॉलच्या मधोमधच ती उभी राहिली, कारण विजेचं बटण तिथंच होतं. तीन माणसं उभी राहतील एवढी जागा, मध्ये रक्षापात्र, वर पंखा आणि गाळणी. धूर ओढून बाहेर सोडायला भिंतीला भोक पाडायचं होतं, पण घरमालक खालून ओरडत आला, "दीवार को कोई हाथ नहीं लगाएगा." मिस्त्री शिडी लावून खोट्या छताच्या पत्र्यांआड शिरला. अर्ध्या तासानं केस झटकत उतरला आणि म्हणाला, "हो गया, सर. एकदम शुद्ध हवा निकलेगी." नळी कुठं गेली, हे कोणी विचारलं नाही. आम्हाला आत जायची घाई होती.

उद्घाटनाला फीत, नारळ, सगळं होतं. साहेब न ओढणारे, त्यामुळे त्यांच्याच नियमानं त्यांना आत जाता येत नव्हतं. त्यांनी बाहेरून फीत कापली आणि ज्येष्ठतेनुसार लांजेवार बाबूंना आत पाठवलं. बाबूंनी खिशातून बिडी काढली, पेटवली, आणि पेटी कोकलायला लागली. लाल दिवा, शिट्टी, सगळं. मिस्त्री धावला. "बीडी नहीं चलेगी, बाबूजी! फ़िल्टर चोक हो जाएगा. ये सिगरेट का मॉडेल है."

दुसऱ्या दिवशी काचेवर चिठ्ठी लागली: "फक्त सिगारेट. बिडीस परवानगी नाही." गोंदियात. जिथं अर्ध्या घरांच्या चुली बिडीवर पेटल्या, तिथं.

वच्छलाबाई काच पुसत होत्या. सातवीपर्यंत शिकल्या होत्या, वाचायला त्यांना वेळ लागायचा. चिठ्ठी वाचून झाल्यावर त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि थेट साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, बिडीलेबी इटाळ का?"

"अहो मावशी, तसं नाही. तांत्रिक कारण आहे."

"आमच्या येळेसबी कारनंच सांगत होते."

साहेबांनी हिरवट चहाचा कप उचलला आणि पुन्हा ठेवला. दुपारच्या आत चिठ्ठी गेली. मिस्त्रीनं फोनवरून सांगितलेली एक वायर लांजेवार बाबूंनी उपटली आणि शिट्टी कायमची बंद झाली. वच्छलाबाईंनी त्यांचे आभार स्वीकारले नाहीत. "तुमच्यासाठी नाई बोलली मी. जे बांधतात त्याइच्यासाठी बोलली," एवढंच म्हणाल्या.

त्या पेटीला त्या 'खुराडा' म्हणत. आठ दिवसांत सगळं ऑफिस म्हणायला लागलं. साहेब मात्र शेवटपर्यंत 'धूम्रपान कक्ष' म्हणत राहिले आणि तिघांच्या जागेत पाच जण शिरत राहिले. आतून बाहेरचं फारसं दिसायचं नाही. बाहेरून आमचे चेहरे दिसायचे, धुरात तरंगणारे.

एकदा देवरीकडचा एक म्हातारा शेतकरी आला. बियाणं नीट उगवलं नाही म्हणून तक्रार होती. पिशवीत मूठभर रोपं घेऊन आलेला. त्यानं खुराड्याकडे पाहिलं, मग वच्छलाबाईंना हळूच विचारलं, "याइले काय झालं वो बाई? वाफ देऊन राहिले का?"

"हो. बरे झाले का सोडतीन."

"सारेच बिमार हायेत?"

"सायेब चांगले हायेत. पन त्याइले काही समजत नाई."

म्हातारा थोडा वेळ बसला. मग आजाऱ्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून रोपं वच्छलाबाईंच्या हवाली करून गेला. ती रोपं त्यांनी लांजेवार बाबूंच्या टेबलावर, फायलीच्या वर, मातीसकट ठेवली. "वाफ झाली असन तं हे पाहा," म्हणाल्या. बाबूंनी त्याच दिवशी ती तक्रार नोंदवली. मी पाहिलेली ती त्यांची सगळ्यात वेगवान नोंद.

पावसाळा सरता सरता चहाची तक्रार सुरू झाली. चहाला सिगारेटचा वास येतो, असं वच्छलाबाईच पहिल्यांदा म्हणाल्या. आम्ही हसलो. आम्हाला सगळ्याच गोष्टींना तो वास यायचा, त्यात चहा वेगळा कुठून कळणार. पण त्या खोकायला लागल्या. आधी पँट्रीत ओट्याजवळ बसून डबा खायच्या, आता जिन्यात बसून खाऊ लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "आत राहावत नाई बाबू."

एका दुपारी त्या पँट्रीत स्टुलावर चढल्या आणि झाडूच्या दांड्यानं छताचा पत्रा उचलला. मी चहा घ्यायला गेलो होतो, म्हणून मी पाहिलं. वर खुराड्यातून आलेली नळी होती. तिचं तोंड बरोबर गॅसच्या शेगडीवर उघडं होतं, आणि कडेला काळं, चिकट काहीतरी जमून खाली ओघळत होतं. पलीकडे हॉलमध्ये आमच्यातले दोघे पेटवून उभे होते. नळीतून सावकाश धूर येत होता. वच्छलाबाई स्टुलावर, तोंडावर पदर, बघत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. त्या खाली उतरल्या, हात धुतले आणि साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तुमचा धूर माया घरी येऊन राहिला."

साहेबांनी येऊन पाहिलं. "मावशी, हा धूर नाही. ही शुद्ध केलेली हवा आहे. कंपनीचं सर्टिफिकेट आहे आपल्याकडे."

"मंग तुमच्या केबिनमधी सोडा ना शुद्ध हवा. मले एवढी कायले पायजे?"

साहेबांनी प्रकरणाची दखल घेतली. म्हणजे फाईल उघडली. तिला आवक क्रमांक मीच दिला, आणि देऊन झाल्यावर खुराड्यात जाऊन एक ओढली. हे लिहायला आजही बरं वाटत नाही.

फाईल दीड महिना पडून राहिली. मग वच्छलाबाईंना साहेबांनीच एक वाट दाखवली, नकळत. त्यांनी खुराड्याच्या दारावर पितळी पाटी लावली: "धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींस आत प्रवेश निषिद्ध." वच्छलाबाईंनी ती दोनदा वाचली. संध्याकाळी खुराडं साफ न करता त्या घरी निघाल्या.

"मावशी, आतलं राहिलं," साहेबांनी हाक मारली.

"मी पेत नाई साहेब. मी आत कशी जाऊ? पाटी हाये."

साहेबांना वाटलं, एक दिवसाचा हट्ट आहे. पण तो रोजचा झाला. मग ओढणाऱ्यांनीच पाळीपाळीनं साफ करावं असं ठरलं. तक्ता मी टाईप केला. पहिल्या सोमवारी लांजेवार बाबूंची पाळी होती, त्यांना कंबरदुखी निघाली. मंगळवार माझा, मी रजेवर होतो. रक्षापात्र भरून वाहू लागलं. काच आधी पिवळी, मग तपकिरी झाली, आणि बाहेरून आत कोण आहे ते ओळखू येईना. शेतकऱ्यांना तेच बरं पडलं असावं. ते आता तिकडे बघतही नसत.

पँट्रीची नळी काही कोणी हलवली नाही. मात्र कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडून सुरक्षा तपासणी येणार असल्याचं पत्र आलं आणि साहेब घाबरले. त्यांनी मला बोलावून एक ज्ञापन सांगितलं. मी ते जसंच्या तसं टाईप केलं:

"श्रीमती वच्छलाबाई रामटेके यांना केवळ साफसफाईच्या प्रयोजनार्थ धूम्रपान करणारी व्यक्ती समजण्यात यावे. सदर बाब त्यांना मान्य असल्याबाबत त्यांची स्वाक्षरी घ्यावी."

ते घेऊन मीच पँट्रीत गेलो. त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी ते भरभर वाचून टाकलं.

"मंजे मी पेते, असं लिहून देऊ?"

"नुसतं कागदावर, मावशी."

"कागदावर तं मी कुठंच नाई बाबू. ना तुमच्या कंपनीत, ना ठेकेदाराच्या. आता कागदावर आली तं बिडीवाली मनून येऊ?" त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला. "नामदेव मेला तवा डॉक्टरबी विचारे, तुमी पेता का. मी मनलं नाई. तो मने, मंग तुमची छाती अशी काऊन? मी मनलं, बांधते ना. मी सही नाई करत. तू जाय."

संध्याकाळी ठेकेदार येऊन गेला. सही करा नाहीतर दुसरी बाई पाहतो, असं तो जिन्यात त्यांना म्हणाल्याचं सगळ्यांनी ऐकलं. वच्छलाबाईंनी त्याला चहा दिला. पँट्रीतलाच.

तपासणीला एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा, हातात यादी. त्या दिवशी सकाळी वच्छलाबाई आम्हा पाचांच्या टेबलांजवळून एकेकदा गेल्या आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "मी हाक मारली का पाचही जन आत जाजो. आज मनभर प्या." लांजेवार बाबूंनी कारण विचारलं नाही. त्यांनी बिड्यांचे दोन कट्टे आणवून ठेवले.

साहेब मॅडमना सगळं दाखवत होते. ओला डबा, सुका डबा, दोन माठ, पितळी पाटी. खुराडं त्यांनी रातोरात बाहेरची माणसं लावून धुऊन घेतलं होतं. "ओढणारे वेगळे, न ओढणारे वेगळे," ते म्हणाले. "शंभर टक्के सुरक्षित."

"मॅडम, चहा पँट्रीत घेता का?" वच्छलाबाई म्हणाल्या. "बसाले जागा हाये." मग मागे वळून मोठ्यानं, "लांजेवार बाबू, झाला चहा!"

आम्ही पाचही जण आत शिरलो. लांजेवार बाबू दोन बिड्या एकदम ओढत होते, मी एकामागून एक तीन सिगारेटी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चांगल्या कामासाठी ओढण्याची आमच्या आयुष्यातली ती एकच वेळ.

पँट्रीच्या दारातून थोड्या वेळानं मॅडमचा खोकला ऐकू आला. मग तो थांबेना.

"हे काय आहे?"

"शुद्ध हवा होय मॅडम. सर्टिफिकेट हाये," वच्छलाबाईंचा आवाज.

मॅडमनी वर पाहिलं. पत्रा आधीच बाजूला सारलेला होता. त्यांनी साहेबांना हाक मारली, स्वतः उठल्या, स्टूल साहेबांकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "धोटे, बसा. चहा घ्या." साहेब बसले. मॅडम दारात उभ्या राहून पाहत होत्या, आणि साहेबांना तो कप संपवावा लागला. वच्छलाबाईंनी कमरेचा कागद काढून मॅडमना दिला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"हा टाईप कोणी केला?"

मी खुराड्यातून बाहेर येऊन हात वर केला. अंगाला इतका वास येत होता की मॅडम एक पाऊल मागे सरल्या.

मॅडमनी साहेबांना एवढंच सांगितलं, की ऑफिसच्या आत ओढायला मुळात परवानगीच नाही, पेटी काचेची असो नाहीतर सोन्याची. आठवड्यात खुराड्याला कुलूप लागलं. पुढं त्यात बियाण्यांचे नमुने मांडले.

याचं श्रेय धोटे साहेबांना मिळालं. 'धूम्रपानमुक्त कार्यालय' म्हणून कंपनीच्या मासिकात त्यांचा फोटो छापून आला, मागे तीच पेटी, आत धानाच्या लोंब्या. वच्छलाबाईंच्या बाबतीत वरून काही आलं नाही. सहा महिने भरले. एक दिवसाची सुटी आली, तशी त्या आल्या, म्हणाल्या, "मी आज नाई हाये," आणि काम केलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता जिन्याखाली त्यांच्या सायकलशेजारी दुसरी सायकल होती. ठेकेदाराची नवी बाई आली होती.

वच्छलाबाई तिच्यावर चिडल्या नाहीत. तिला फिनाईल कुठं असतं ते दाखवलं, कोणता नळ दुपारी बंद होतो ते सांगितलं, पँट्रीची खिडकी उघडी ठेवायला सांगितली. मग आपला डबा आणि कप पिशवीत टाकला. लांजेवार बाबू साहेबांच्या केबिनमध्ये भांडायला गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. बाकीचे आम्ही टेबलांवर खाली मान घालून बसलो होतो.

मी जिन्यापर्यंत गेलो. "मावशी, तो कागद मी टाईप करायला नको होता."

"तू टाईप केलं. मी सही नाई केली. झालं ना." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "पन पुढच्या येळेस टाईप करासाठी थोडा उशीर तं लाव."

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. मे महिना होता, मी कंपनीच्या मेळाव्याला बसनं छत्तीसगडच्या हद्दीकडे चाललो होतो आणि गाडी देवरीला थांबली. खिडकीतून दिसलं, स्टँडवर शेडखालच्या बाकावर वच्छलाबाई पिशवी बाजूला ठेवून बसल्या होत्या. त्यांची मुलगी त्या बाजूला कुठंतरी दिली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एका माणसानं बिडी पेटवली. वच्छलाबाईंना खोकला आला. तो माणूस ओशाळला, उठला आणि शेडच्या बाहेर, भर उन्हात जाऊन उभा राहिला. डांबर पाघळत होतं. तो एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देत उभा.

वच्छलाबाईंनी त्याला हाक मारली.

"ओ दादा! उनात काऊन उभे राहिले?"

"बिडी हाये ना बाई हातात. तुमाले तरास होते."

"मंग ते फेका आन् सावलीत या. ऊन लागन ना बाप्पा. तुमाले कोनी हाकललं नाई."

त्यानं बिडीकडे पाहिलं, घाईघाईनं दोन झुरके घेतले, ती चपलेखाली विझवली आणि आत आला. मी खिडकीतून हाक मारली, पण ड्रायव्हरनं तेवढ्यात गाडी सुरू केली. वच्छलाबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्याला जागा करून दिली, आणि त्याला काहीतरी सांगायला लागल्या. तो मान हलवत ऐकत होता.